एका प्लॉटवर एकच चूल

मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बोरगाव मेघेला प्लॉट घेतला तेव्हा माझ्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. ते वर्धेच्या मालधक्क्यावर बाबू होते. निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते आणि निवृत्त झालं की रेल्वेचं क्वार्टर सोडावं लागणार होतं. सारी नोकरी त्यांनी त्या क्वार्टरात काढली होती. सासूबाईही तिथंच गेल्या. आणीबाणी नुकतीच उठली होती. लोक पुन्हा मोठ्यानं बोलायला लागले होते, पण मामाजींना बोलायला एकच विषय होता. प्लॉट.

रविवारी ते आम्हा सगळ्यांना घेऊन तिकडे जायचे. माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. ते, जाऊबाई, त्यांची तीन मुलं, माझे यजमान आणि मी अशी वरात निघायची. पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, शेत मोडून लेआउट पाडला होता. मुरमाचे रस्ते आखलेले, कोपऱ्याकोपऱ्यावर दगड रोवून त्यांवर चुन्यानं नंबर घातलेले. घर एकही नव्हतं. जुन्या पऱ्हाट्यांची खुंटं चपलेतून टोचायची. मामाजी आमच्या नंबरच्या दगडापाशी उभे राहायचे आणि हातानं हवेत खोल्या आखायचे.

त्यांना त्या नंबराचं फार कौतुक होतं. मूळ गावी आमच्या लोकांची वस्ती नाल्यापलीकडे होती. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन इतकी वर्षं झाली तरी कुणी पत्ता विचारला की वस्तीचं नाव सांगावं लागे, आणि ते सांगितलं की विचारणाऱ्याला पुढचं काही विचारायची गरज उरत नसे. लेआउटमध्ये वस्ती नव्हती. सगळ्यांना नंबर होते. "मास्तर असो, मारवाडी असो नाहीतर आपण असो," मामाजी म्हणायचे, "प्लॉट सारखा, रस्ता सारखा, नियम सारखा."

त्यांनी पाठकोऱ्या कागदावर स्वतःच नकाशा काढला होता. मधे सामाईक भिंत, दोन्ही बाजूंना एकसारखी दोन घरं. दोन मुलं, दोन दारं, दोन स्वयंपाकघरं. जाऊबाई आणि मी ओणवून तो नकाशा पाहायचो. ती तिच्या बाजूला चुलीची जागा दाखवायची, मी माझ्या. तेव्हा आमचं छान जमायचं. मी झेडपीच्या शाळेत नुकतीच लागले होते. ती मला कौतुकानं मास्तरीणबाई म्हणायची.

कोर्टाजवळ नकाशे काढून देणारा एक गृहस्थ होता. त्याला मामाजींनी घरी बोलावलं. त्यानं तो कागद पाहिला आणि चष्मा काढून ठेवला.

"बाबूजी, हे पास होणार नाही. प्लॉट एका घरापुरता आहे. दोन बिऱ्हाडांना प्लॉट याच्या दुप्पट लागतो."

"पोरं दोन हायेत माझी," मामाजी म्हणाले. "मग प्लॉटचे दोन भाग करा."

"भाग पाडता येत नाही. लहान तुकडा झाला की त्याच्यावर घरच मंजूर होत नाही. आणि बांधकाम प्लॉटच्या तिसऱ्या हिश्श्यावरच करता येतं. बाकी चारी बाजूंनी मोकळं सोडायचं. ही अटच आहे, अकृषक परवानगीतली."

मामाजींनी कागदाची घडी घातली. त्या गृहस्थानं मग आवाज उतरवून उपाय सांगितला. नकाशात एकच स्वयंपाकघर दाखवायचं. दुसऱ्याच्या जागी देवघर लिहायचं. घर झालं की तिथं चूल मांडायची. सगळे असंच करतात.

"देवघर? आमच्या घरी?" मामाजी हसले. मग एकदम गंभीर झाले. "नाई. खोटं लिहू नका. आपल्याले वेगळा नियम होता तवा काय होत होतं ते मी पाह्यलं हाये. आता सगळ्यांले जो नियम, तोच आपल्याले. एकच घर काढा. एकत्र राहू."

असं आमचं घर झालं. समोर एक दार, मधे बैठक, दोन्ही हातांना दोन-दोन खोल्या, मागं एक स्वयंपाकघर आणि व्हरांडा. भिंतींना पिवळा रंग दिला. गृहप्रवेशाच्या बुद्धवंदनेला गावाकडचे लोक आले, मोठं जेवण झालं. मामाजींनी प्रत्येकाला हाताला धरून घराभोवती फिरवलं. "हे मोकळं हाये ना, हे सोडाच लागते. हवा येते."

हवा यायची खरी. घराभोवती इतकी मोकळी जागा होती की पोरं तिथं क्रिकेट खेळायची. आणि आत, चार खोल्यांत, हळूहळू आम्ही नऊ माणसं झालो.

पहिली तीन-चार वर्षं निभली. माझी शाळा सकाळची असायची, पहिली बस गाठावी लागायची. मी उजाडायच्या आत उठून भाकरी टाकायची, यजमानांचा डबा भरायची. ते टेलिफोनच्या कार्यालयात लाइनमन होते, त्यांची निघायची वेळ तीच. जाऊबाई मागाहून तिचा स्वयंपाक करायची. तिची मुलं मोठी होऊ लागली, मोठ्याची शाळाही सकाळची झाली, आणि मग एकाच वेळी दोघींना चूल हवी झाली. गॅस नव्हता. एक चूल, एक शेगडी, एक रॉकेलचा स्टो आणि दोघींना फिरायलाही न पुरणारी जागा. तिचं कोपर माझ्या परातीला लागायचं, माझा पदर तिच्या तव्यावर जायचा. आधी आम्ही हसायचो. मग हसणं थांबलं. मग ती माझ्या आधी उठायला लागली. मी तिच्याही आधी. एका पहाटे आम्ही दोघी अंधारातच चुलीसमोर एकमेकींवर आदळलो, आणि दोघींपैकी कुणीच मागं सरलं नाही.

भांडण मात्र आमचं झालं नाही. ते झालं भावाभावांत, आणि झालं मोकळ्या जागेवरून.

बांधता येण्याजोग्या तिसऱ्या हिश्श्यातली थोडी जागा शिल्लक होती, एक खोली बसेल एवढी. मामाजींनी ती मुद्दाम राखली होती. कुणी विषय काढला की म्हणायचे, "पुढं लागंल तवा पाहू." ते गेले त्या वर्षी भासऱ्यांचा मोठा मुलगा दहावीला होता आणि माझी धाकटी मुलगी रांगत होती. मामाजींचा सारा कार्यक्रम आटोपला, पाहुणे गेले, आणि त्याच संध्याकाळी भासरे समोरच्या ओट्यावर यजमानांना म्हणाले, "पोराले अभ्यासाले खोली पायजे. तेवढी बांधून घेतो."

"आमीही तेच म्हणून राह्यलो होतो, दादा. आमच्या दोन पोरी, अन् एक खोली गच्च सामानानं भरली हाये."

"तुमच्या पोरी लहान हायेत."

"पोरी हायेत म्हणून का?"

मी आतून ऐकत होते. भासऱ्यांशी धाकट्या भावजयीनं बोलायची आमच्याकडे रीत नव्हती, त्यांच्यासमोर डोक्यावरून पदर घ्यायचा आणि निरोप जाऊबाईच्या तोंडून जायचा. मी जाऊबाईकडे पाहिलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

प्लॉट दोघांच्या नावावर होता. सही दोघांची लागायची. भासऱ्यांनी अर्ज केला तर यजमान सही देईनात, यजमानांनी केला तर भासरे. ती एका खोलीची जागा तशीच पडून राहिली. तिथं पावसाळ्यात गाजरगवत वाढायचं आणि उन्हाळ्यात वाळून जायचं. भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. भाऊ बोलत नाहीत म्हटल्यावर जाऊबाई माझ्याशी बोलेनाशी झाली, आणि मी तिच्याशी. घर विकावं तर अर्धं विकता येत नव्हतं. वाटणी करावी तर वाटणीला मंजुरी नव्हती. कुणी बाहेर पडावं तर जागा सोडली असा अर्थ झाला असता. यजमान म्हणायचे, "आपण गेलो की संपलं. कुलूप लावून टाकतील." तिकडे भासरेही तेच म्हणत असणार.

उन्हाळ्यात बरं होतं. खाटा बाहेर टाकायच्या, ते एका अंगाला, आम्ही दुसऱ्या. मोकळी जागा तेवढ्याच कामी यायची. खरे दिवस पावसाळ्याचे. दारं-खिडक्या बंद, काळ्या मातीचा चिखल ओट्यापर्यंत, नऊ जणांचे ओले कपडे बैठकीत दोरीवर, आणि त्या कपड्यांच्या अलीकडून-पलीकडून जाणारी माणसं, एकमेकांना न पाहिल्यासारखी. कधी शाळेत दप्तरं तपासताना मी घड्याळाकडे पाहायची. आता घरी जायचं. इतर बाया सुट्टी झाली की चटचट निघायच्या. मी फळा पुसत बसायची.

मग यजमानांनी एका दिवशी मागच्या व्हरांड्याला लागून टिनपत्रे टाकले. तीन बाजूंनी बांबूचे तट्टे लावले, माझ्यासाठी ओटा बांधला, स्टो आणून ठेवला. "घे. तुहं सयपाकघर." मंजुरी नव्हती, मला ठाऊक होतं. मामाजी असते तर त्यांनी होऊ दिलं नसतं, तेही ठाऊक होतं. पण त्या सकाळी मी तिथं बसून एकटीनं, कुणाचं कोपर न लागता, पिठलं केलं, आणि भाकरी थापताना गुणगुणले. माझी थोरली येऊन दारात उभी राहिली. म्हणाली, "आई, तू गाणं म्हणून राह्यली?" मी म्हणत होते हे मलाच कळलं नव्हतं.

शेजारच्या प्लॉटवर एक निवृत्त गृहस्थ राहायचे. त्यांची विहीर आमच्या कुंपणाला लागून होती. आमचं भांड्यांचं पाणी त्यांच्या बाजूला उताराला लागलं. त्यांनी मला एक-दोनदा सांगितलंही. मी यजमानांना सांगितलं. यजमान म्हणाले, नाली काढतो. काढली नाही. मग एके दिवशी आमच्या समोरच्या दारावर नगररचनेची नोटीस चिकटलेली दिसली. मंजूर नकाशाबाहेर बांधकाम आणि एका घरात दोन बिऱ्हाडं.

ओव्हरसीअर आला तो दुपारी, मे महिन्यात. शाळेला सुट्टी, म्हणून मी घरी होते. दोघे भाऊ कामावर होते. मुलं माझ्या माहेरी, केळझरकडे गेली होती, दोघींचीही. मोठ्यांचं काही असो, पोरं एकत्रच जायची. घरात फक्त आम्ही दोघी होतो, ती तिच्या खोलीत, मी माझ्या टिनाखाली.

ओव्हरसीअर तरुण होता, घामानं डबडबलेला. फिरून मागं आला. टिनपत्रे पाहिले, स्टो पाहिला, मांडलेली भांडी पाहिली.

"इथं किती कुटुंबं राहतात?"

 खरं सांगायचं तर दोन. दोन म्हटलं की सगळंच बेकायदा ठरलं. एक म्हणावं तर आत जी बाई बसली होती ती इतक्या महिन्यांत माझ्याशी शब्द बोलली नव्हती.

"एक," मागून आवाज आला. जाऊबाई दारात उभी होती. डोक्यावर पदर, हात ओले.

"मग बाई, आत एक स्वयंपाकघर आहे. हे दुसरं कशाला?"

"हे शाळेत मास्तरीण हाये. हिची गाडी सकाळची राह्यते. पहाटे आत खुडबुड केली की लेकरं उठतात. म्हणून ते इथंसा डबा करते. एवढंच."

"म्हणजे जेवण एकत्र?"

"नाई तर काय?" ती खाली बसली. माझ्या वरणाच्या गंजावरचं झाकण काढलं, टोपल्यातली भाकरी मोडली, वरणात बुडवली आणि त्याच्यासमोर खाल्ली. नीट चावून खाल्ली. "दोन घरं असती साहेब, तर हिच्या गंजातलं मी खाल्लं असतं का?"

तो थोडा ओशाळला. म्हणाला, "ठीक आहे. पण शेड काढावं लागेल. मार्जिनमध्ये, मोकळ्या सोडायच्या जागेत आहे. आणि दोन्ही भावांनी लिहून द्यायचं, की आम्ही एकत्र कुटुंब आहोत, चूल एकच आहे."

तो गेला. सायकलचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू आला. जाऊबाई उठली, हात धुतला आणि जाताना म्हणाली, "मीठ कमी हाये."

मी मागोमाग गेले. "बाई," मी म्हटलं. शब्द जड गेला. "तुम्ही मले वाचवलं."

"तुह्यासाठी नाई केलं," ती म्हणाली. "नोटीस मामाजीच्या दारावर लावली होती. ज्या माणसानं कागदात देवघर लिहू देलं नाई, त्याच्या दारावर."

दोघा भावांनी लिहून दिलं. एकाच टेबलापाशी, एकाच कागदावर, एकमेकांकडे न पाहता. आम्ही एकत्र कुटुंब आहोत. यजमान घरी आले आणि त्यांनी टिनपत्रे स्वतः उपसले. प्रत्येक पत्रा ते इतक्या जोरानं आपटत होते की मी घरात जाऊन बसले. "आता झालो एक," ते म्हणाले. "सहीशिक्क्यानं एक झालो."

माझा स्टो पुन्हा आत गेला. जाऊबाईनं त्याच्यासाठी खिडकीखालची जागा मोकळी करून ठेवली होती, काही न बोलता. त्यानंतर आम्ही थोडं बोलायला लागलो. मीठ दे, पाणी आलं, दूध उतू चाललं. मैत्रीचं बोलणं नव्हे, कामापुरतं. तरी मन हलकं झालं.

सुट्टी संपायच्या आत मी एकटीच नगररचनेच्या कार्यालयात गेले. यजमानांना सांगितलं नाही. तिथले साहेब वयस्क होते. मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. मी सगळं सांगितलं, जागा किती, माणसं किती, मोकळं किती पडलंय ते.

"बाई, नियम माणसांना कोंडायला केलेला नाही," ते म्हणाले. "तुमच्या लेआउटला गटार नाही, नळ नाही. ज्याच्या त्याच्या विहिरी आणि ज्याच्या त्याच्या संडासाच्या टाक्या. प्रत्येक प्लॉटवर दोन-तीन बिऱ्हाडं झाली तर टाकीचं पाणी विहिरीत उतरेल. तुमचीच पोरं आजारी पडतील. मोकळी जागा हवेसाठी, उजेडासाठी ठेवतात."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. शेजाऱ्यांच्या विहिरीचं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. साहेबांनी दटावलं असतं, हाकलून दिलं असतं तर मला सोपं गेलं असतं, रागावता तरी आलं असतं.

"साहेब, नियमात कुटुंब म्हणजे काय?" मी विचारलं.

"एका चुलीवर जेवतात ते."

"आणि आपसांत बोलत नसले तर?"

ते हसले. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून थांबले. "बोलण्याबद्दल नियमात काही नाही, बाई." पुढं म्हणाले, "नवीन आराखडा यायचा आहे. तुमच्या भागात वरचा मजला आणि वर वेगळं बिऱ्हाड, असं काहीतरी होईल. थांबा थोडं."

थांबण्यावाचून होतं काय? थांबलो. पाण्याची टाकी झाली, रस्त्यानं नळाचे पाइप आले, लेआउटमधले रिकामे प्लॉट भरत गेले. भासऱ्यांचा मोठा मुलगा दहावीत नापास झाला, पुन्हा बसला, पास झाला, नोकरीला लागला. अभ्यासाला खोली न मिळताच त्याचा अभ्यास संपला. माझ्या मुली बैठकीत शिवणयंत्राच्या पायापाशी बसून लिहायच्या. थोरली अक्षर बारीक काढायची. वर्गात मी इतर मुलांना ऐसपैस लिहा म्हणायची आणि घरी तिचं ते चिमटं अक्षर पाहून मला भरून यायचं. मामाजींच्या फोटोखाली दोन्ही घरांचे दिवे वेगवेगळे लागत होते.

आणि एकदा यजमान घाईघाईनं सायकल लावून आत आले. नवीन नियम लागू झाला होता. तळमजल्यावर एक बिऱ्हाड, वर एक, वेगळा जिना, वेगळी चूल. त्यांनी चपला काढल्या नाहीत, तसेच भासऱ्यांच्या खोलीच्या दारात गेले. इतक्या वर्षांनी त्या उंबऱ्यापाशी उभे राहून म्हणाले, "दादा, वर बांधता येते."

भासरे बाहेर आले. दोघे ओट्यावर बसले. जाऊबाईनं चहा केला. दोन कप एकाच ताटलीत ठेवून तिनं माझ्या हाती दिले आणि म्हणाली, "तू ने." मी नेले. यजमान वर बोट करून दाखवत होते, जिना इकडून घेऊ, स्वयंपाकघर पूर्वेला. भासरे मान डोलावत होते. त्या दिवशी मला वाटलं, सुटलो.

वरचं बांधायचं म्हणून इंजिनिअर आला. त्यानं भिंती ठोकून पाहिल्या, भेगा पाहिल्या. आमच्या भिंतींना दर उन्हाळ्यात भेगा पडायच्या, काळी माती फुगते आणि आकसते, तिच्याबरोबर घरही हलतं. आम्हाला त्याची सवय झाली होती. इंजिनिअरनं कोपऱ्याशी खड्डा खणायला लावला. आम्ही सगळेच भोवती उभे होतो. माती काळी, ओली, चिकट. दगडाचा थर लवकरच संपला. खाली पुन्हा काळीच माती.

"हा पाया वरचं घर झेलणार नाही," तो म्हणाला. "याच्यावर चढवलंत तर खालचंही जाईल."

"पाया काऊन एवढा उथळ?" यजमानांनी विचारलं.

"तेव्हा एकच मजला मंजूर होता ना? जेवढं मंजूर, तेवढाच पाया घातला. त्यांचं काही चुकलं नाही."

पाडून नव्यानं बांधायची दोघांचीही ऐपत नव्हती, आणि पाडताना राहायला दुसरी जागाही नव्हती. भावांनी खड्ड्यात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग भासरे म्हणाले, "भरून टाक." आणि आत गेले. त्यांच्या खोलीचं दार नेहमीसारखं लागलं.

त्या रात्री मी काही ठरवलं नाही. तसं एका रात्रीत काही ठरलं नाही. पण पुढच्या महिन्यात बदल्यांचे अर्ज निघाले तेव्हा मी अर्ज केला. लोक वर्धेजवळ यायला अर्ज करतात. मी लांब जायला केला. समुद्रपूर तालुका. बाबूनं वर पाहिलं. "बाई, चुकून लिहिलं का?" म्हटलं, नाही.

यजमान फार चिडले. "म्हणजे जागा सोडली. त्याईले हेच पायजे होतं."

"असू द्या," मी म्हटलं. "मले त्या जागेचं काही नको. मले श्वास पायजे."

"लोकं काय म्हणतील? नवरा इथं अन् बायको तिथं."

"दोन बिऱ्हाडं म्हणतील. तुमाले तेच तर पायजे होतं."

हे बोलताना मला हसू आलं नाही, त्यांनाही नाही. ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझी ट्रंक दोरीनं बांधून दिली.

त्या तालुक्यातल्या गिरडला मला शाळेजवळ एक खोली मिळाली. मागं पडवी, पडवीत चूल. टेकडीवर दर्गा, खाली गाव. खोली बोरगावच्या आमच्या खोलीपेक्षाही लहान होती. पण दार लावलं की आत आम्ही तिघीच. पहिल्या दिवशी थोरली भिंतीला पाठ लावून पाय लांब पसरून बसली, आणि बसूनच राहिली. मी तिला कामाला उठवलं नाही. यजमान शनिवारी यायचे, सोमवारी जायचे. मला सुटल्यासारखं वाटलं हे खरं. रात्री मात्र कधी जाग आली की कान पलीकडच्या खोलीचा आवाज शोधायचे. पलीकडे खोलीच नव्हती. वर्षं लागली ती सवय जायला.

यजमानांनी पुढं भासऱ्यांना सही दिली. आता भांडून उपयोग काय, म्हणाले. ती शिल्लक जागेतली खोली बांधली गेली आणि तिच्यात भासऱ्यांच्या मुलाचं लग्न होऊन सून आली. मी लग्नाला गेले, भराभर कामं केली, परत आले.

त्यानंतरच्या हिवाळ्यात जाऊबाई गिरडला आली. न कळवता, एकटीच, हिंगणघाटहून गाडी बदलून. हातात पिशवी. शनिवार होता, मी शाळेतून येत होते, ती दारापाशी दगडावर बसलेली. म्हणाली, "मन्नत होती दर्ग्याची. म्हटलं, चढून येतो." मन्नत कुणाची, कशाची, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

त्या आठवड्यात यजमान येणार नव्हते. रविवारी सकाळी आम्ही दोघी टेकडी चढलो. ती मधेमधे थांबायची, दम खायची. वरून सारा मुलूख दिसतो, कापसाची, तुरीची शेतं, मधे मधे पळसाची झाडं. ती बराच वेळ पाहत राहिली. म्हणाली, "केवढं मोकळं हाये." 

संध्याकाळी पडवीत बसून तिनं खोली न्याहाळली. मुलींची दप्तरं, भिंतीवरची खुंटी, माझा एकुलता पलंग.

"बरी हाये खोली."

"लहान हाये, बाई."

"हो. पण तुह्या एकटीची हाये." मग म्हणाली, "तुह्यावर मले लय राग होता. तू गेली तवा जास्तच आला. लोकाईले वाटलं जागा सुटली म्हणून मी खुश असंल. मी चार दिवस जेवली नाई."

 "सांगाचं होतं, बाई," मी म्हटलं.

"काय सांगू? नको जाऊ म्हणू? तुले बदली मागता आली. मी कोणाले मागू?"

ती हे तक्रारीच्या सुरात म्हणाली नाही. उद्या कोणती भाजी करायची असं विचारावं तसं म्हणाली. धाकटी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. तिच्या केसांतून जाऊबाईचा हात फिरत होता. मी राहा म्हटलं, आठवडाभर तरी राहा. ती म्हणाली, सुनेचे दिवस भरत आले, घरी कोण बघेल?

सोमवारी मी तिला गाडीत बसवायला गेले. गर्दी होती. आत शिरताना तिची पिशवी दारात अडकली, मी मागून ढकलली. तिला खिडकीजवळ जागा मिळाली. गाडी सुटायच्या आधी तिनं खिडकीतून हात काढून माझ्या हाताला धरलं.

"येजो," मी म्हटलं. मोठ्या जावेला मी कधी एकेरी बोलले नव्हते. तोंडून गेलं.

"तू येजो," ती म्हणाली. आणि मग, गाडी हलता हलता, "नको. इथंच राह्यजो. मीच येईन."

धूळ खाली बसेपर्यंत मी उभी होते. शाळेत प्रार्थना सुरू झाली होती. मी घाईनं निघाले.